डिफेन्सचं काम जमतं, मग उपग्रहाचं जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत तुमचं सीएनसी शॉप आहे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशिनांवर धातू कापायचा कारखाना. दहा-बारा वर्षं तुम्ही एका संरक्षण कंपनीला रेडिओ आणि रडारच्या पेट्या, ब्रॅकेट, माउंटिंग प्लेट्स पुरवता. ती कंपनी आता लहान उपग्रह आणि त्यांची उपकरणं करायला लागली आहे, आणि त्यांच्या पर्चेसवाल्याने तुम्हाला विचारलंय, "स्पेसचं काम घ्याल का?" तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत : आताच्या कामात आणि या कामात फरक काय, आणि त्यासाठी फाइव्ह-ॲक्सिस मशीन, म्हणजे एकाच वेळी पाच अक्षांवर फिरून कापणारं मशीन, घ्यावं का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. मशीन आत्ता घेऊ नका. बँकेत फाइल गेली असेल तर थांबवा. कारण पैशाकडे येऊ तेव्हा सांगते.

मी बावीस वर्षं संरक्षण इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ उपग्रहांच्या असेंब्ली आणि टेस्टिंगवर. म्हणजे तुमच्यासारख्यांनी पाठवलेला माल उघडायचा, मोजायचा, जोडायचा, मग शेकरवर, म्हणजे कंपनाच्या टेबलावर, हलवायचा आणि निर्वात टाकीत तापवायचा-थंड करायचा. डिझाइनवाले ड्रॉइंगच्या बाजूने बोलतात, पर्चेसवाले दराच्या. मी पार्टच्या बाजूने बोलते, कारण शेवटी तो माझ्या टेबलावर येऊन पडायचा.

आधी एक शंका काढून टाकू. संरक्षण कंपन्यांना हे अवकाशाचे डोहाळे काल-परवा लागलेले नाहीत. २६/११ नंतर देशाला ढगातून आणि रात्री बघू शकणारा डोळा तातडीने हवा होता, तेव्हा इस्रायली रडार असलेला सुमारे ३०० किलोचा रीसॅट-२ हा उपग्रह २० एप्रिल २००९ ला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने वर गेला. पुढे बेंगळुरूच्या अल्फा डिझाइन या संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या गटाने इस्रोच्या लोकांबरोबर बसून आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह जोडला. त्याचं नशीब बघा : ३१ ऑगस्ट २०१७ च्या उड्डाणात रॉकेटचं उष्णतारोधक कवचच उघडलं नाही. उपग्रह आत अडकून राहिला. जोडणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्याच गटाच्या हातून गेलेला आयआरएनएसएस-१आय १२ एप्रिल २०१८ ला व्यवस्थित कक्षेत पोचला. टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सने सॅटेलॉजिक या कंपनीबरोबर केलेला टीसॅट-१ए कर्नाटकातल्या वेमगल इथल्या कारखान्यात जोडला गेला आणि ७ एप्रिल २०२४ ला स्पेसएक्सच्या रॉकेटवरून गेला. अवकाशातून टेहळणी करायच्या भारताच्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ५२ उपग्रह आहेत, खर्च २७ हजार कोटींच्या आसपास, आणि त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी करायचे आहेत. तेव्हा तुमचा पर्चेसवाला हवेत बोलत नाही.

रॉकेटचं म्हणाल तर आपल्या भागाला ते नवंही नाही. वालचंदनगरला रॉकेट मोटरची आवरणं कित्येक वर्षं होत आहेत, विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं. पण त्या कारखान्यांनी जी शिस्त दोन-तीन पिढ्यांत अंगी बाणवली, ती तुमच्याकडून पहिल्या ऑर्डरलाच मागितली जाईल. खरी अडचण तिथे आहे.

"लहान उपग्रह" म्हणजे किती लहान, हेही बघून घ्या, कारण त्यावरून तुमच्या वाट्याला काय येणार ते ठरतं. पुण्याच्या सीओईपी या इंजिनियरिंग कॉलेजच्या मुलांनी केलेला 'स्वयम्' जेमतेम एक किलोचा होता, दहा सेंटिमीटरचा ठोकळा. २२ जून २०१६ ला तो गेला. दिशा धरायला त्यात मोटर नाही, चाक नाही. आत चुंबक ठेवला आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या भरवशावर सोडला. मला तो फार आवडतो. त्याच वर्षी आयआयटी मुंबईचा सुमारे दहा किलोचा 'प्रथम' गेला. २०१७ च्या फेब्रुवारीत पीएसएलव्हीने एका फेरीत १०४ उपग्रह सोडले, त्यातले ८८ एकाच अमेरिकी कंपनीचे, प्रत्येक पाच किलोच्या आतबाहेर.

संरक्षणाचं काम मात्र एवढ्या छोट्यात भागत नाही, आणि त्याचं कारण बजेटमध्ये नाही, भौतिकशास्त्रात आहे. ५०० किलोमीटरवरून जमिनीवरचा एक मीटरचा तपशील वेगळा दिसायला हवा असेल, तर दुर्बिणीचा आरसा किमान ३३-३४ सेंटिमीटर व्यासाचा लागतो. अर्धा मीटर हवा असेल तर दुप्पट. दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यात तो बसणार कुठून? रडारला आरसा नको, पण मोठा अँटेना आणि भरपूर वीज हवी. फिनलंडच्या आइसआय कंपनीने सुमारे ७० किलोत रडार बसवून दाखवलं. तो उपग्रह जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीवरून गेला, आणि तेव्हापासून सगळ्यांचे हिशेब बदलले. त्यामुळे तुमच्याकडे येणारं काम बहुतेक ५० ते १५० किलोच्या उपग्रहांचं असेल : इलेक्ट्रॉनिक्सच्या पेट्या, पॅनेलमधले इन्सर्ट, दुर्बिणीची आणि सेन्सरची ब्रॅकेट. आकार तुमच्या ओळखीचे आहेत. ड्रॉइंग बघून तुम्ही म्हणाल, हे तर आपण रोज करतो.

आणि ते निम्मं खरं आहे. संरक्षण कंपनीकडून अवकाशाकडे बरंच काही सरळ नेता येतं. रडारचे ट्रान्समिट-रिसीव्ह मोड्यूल करणाऱ्याला रडार उपग्रहाचा अँटेना परका नाही. क्षेपणास्त्राचा सीकर, म्हणजे लक्ष्य शोधणारा भाग, करणाऱ्याला बारीक बेअरिंग आणि गिंबल (सेन्सर फिरवणारी चौकट) कळतात. कोणता पार्ट कोणत्या बॅचचा हे लिहून ठेवायची सवय असते. तुम्हीही लष्करी इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या जेएसएस ५५५५५ या मानकाच्या चाचण्यांतून पार पडलेला माल दिलेला आहे : मिठाचं धुकं, दमटपणा, बुरशी, धूळ, बंप.

आता गंमत बघा. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी वर नाहीतच. वर पाऊस नाही, गंज नाही, बुरशी नाही, जवानाच्या हातून पेटी पडत नाही. पण तुम्ही ज्याचा कधी विचारही केला नाही ती एक गोष्ट वर नाही : हवा. फरक जो काही आहे, तो नव्वद टक्के तिथून निघतो.

पहिली गोष्ट उष्णता. जमिनीवर गरम पेटीभोवतीची हवा वर सरकते, थंड हवा तिची जागा घेते, न मागता काम होतं. निर्वातात उष्णता पेटीच्या तळातून पॅनेलमध्ये उतरते तेवढीच, बाकी थोडी किरणांच्या रूपाने बाहेर जाते. म्हणून ड्रॉइंगवर तळाच्या सपाटपणाची टीप असते. ती डिझाइनरची हौस नव्हे. आमच्याकडे एकदा एका पुरवठादाराच्या पेट्या आल्या होत्या. साध्या खोलीत दिवसभर चालवल्या, काही नाही. निर्वात टाकीत घातल्यावर एका पेटीचं तापमान चढत गेलं, थांबेना. टाकी उघडायची म्हणजे दोन दिवस गेले. उघडून तळ सरफेस टेबलावर ठेवला तर मध्ये फीलर गेज सरळ आत जात होता. पॉकेट खोल काढताना पट्टीतला ताण सुटला होता, आणि क्लॅम्प काढल्यावर तळ हलकासा कमानीसारखा वाकला होता. क्लॅम्पमध्ये असताना मोजला होता, म्हणून रिपोर्टमध्ये सगळं बरोबर! पेटी चार कोपऱ्यांवर टेकली होती आणि मधला भाग, जिथे प्रोसेसर होता, अधांतरी.

तेव्हा पहिला धडा : ठोकळ्यातून ऐंशी-नव्वद टक्के माल काढायचा असेल तर रफ, मग ताण उतरू द्या, मग फिनिश, आणि मोजणी क्लॅम्प सोडून, मोकळ्या पार्टवर. ॲल्युमिनियम मागवताना ६०६१-टी६५१ म्हणा. शेवटच्या ५१ चा अर्थच प्लेट ओढून ताण काढलेली आहे असा. ७०७५ असेल तर टी६ घेऊ नका, ड्रॉइंगवर टी७३५१ लिहिलेलं असेल तर तेच घ्या. टी६ ला ताणाखाली तडे जायची खोड आहे. गल्लीतला स्टॉकिस्ट "एकच आहे हो" म्हणेल. एकच नाही.

दुसरी गोष्ट, जिच्यापायी माझ्या आयुष्यातले सहा आठवडे गेले : प्लेटिंग. डिफेन्समध्ये शेवाळी हिरव्या रंगाचे गोल कनेक्टर तुम्ही हजारांनी बघितले असतील. तो हिरवा म्हणजे कॅडमियम. समुद्राच्या हवेत झकास टिकतं. निर्वातात मात्र कॅडमियम आणि जस्त दोन्ही उष्णतेने सरळ वाफ होऊन उडतात आणि जवळच्या थंड गोष्टीवर जाऊन बसतात. ती थंड गोष्ट कॅमेऱ्याचं भिंग असू शकते. आमच्या पर्चेसने जुन्या रडारच्या यादीतून कनेक्टरचा नंबर उचलला होता. त्या नंबरात फिनिश सांगणारं एकच अक्षर असतं : डब्ल्यू म्हणजे कॅडमियम, एफ म्हणजे निकेल. डब्ल्यू आला. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पूर्ण शिवून झाल्यावर क्लीनरूममध्ये एका टेक्निशियन मुलीने विचारलं, "मॅडम, हे हिरवे चालतात का?" सगळा हार्नेस पुन्हा केला. त्या मुलीचे मी आजही आभार मानते. वर गेल्यावर कोणी विचारलं नसतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की पिवळ्या-हिरव्या झिंक प्लेटिंगचे स्क्रू, वॉशर, डॉवेल पिना या पार्टच्या आसपासही येता कामा नयेत. तात्पुरते लावायलासुद्धा नाही. शुद्ध कथिलाचा मुलामाही नको, त्याला केसासारखे बारीक धागे फुटतात आणि दोन टोकांत शॉर्ट करतात. अनोडायझिंग चालतं, पण ते वीज अडवतं. म्हणून जिथे पेटीला अर्थिंग द्यायचं ती जागा मास्क करून फक्त अलोडाइन, म्हणजे वीज जाऊ देणारा पातळ थर, करायची असते. तुमच्या प्लेटिंगवाल्याने सगळी पेटी एकजात काळी करून पाठवली तर दिसायला सुंदर आणि उपयोगाला शून्य.

तिसरी, बाहेर पडणारे वायू. प्लास्टिक, ग्लू, रंग, रबर, टेप यांच्यात अडकलेले हलके पदार्थ निर्वातात बाहेर पडतात. त्याची जगभर चालणारी परीक्षा आहे : निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवायचं, वजन एक टक्क्याहून जास्त घटता कामा नये आणि समोरच्या थंड प्लेटवर ०.१ टक्क्याहून जास्त साचता कामा नये. तुम्ही धातूचे पार्ट करता, म्हणून हे आपल्याला लागू नाही असं वाटेल. लागू आहे. थ्रेडच्या तळाशी राहिलेलं कटिंग ऑइल हा त्यातलाच प्रकार. ब्लाइंड होल, म्हणजे आरपार न गेलेलं भोक, दिसलं की दोन गोष्टी तपासा. एक, त्याच्या तळात कूलंट आणि बारीक बुरादा राहतो. तो अल्ट्रासॉनिकमध्ये काढल्याशिवाय पार्ट हलवू नका. दोन, त्यात स्क्रू बसल्यावर खाली अडकलेली हवा जाणार कुठून? रॉकेट काही मिनिटांत हवेतून निर्वातात जातं. म्हणून ड्रॉइंगमध्ये कधी कधी दीड मिलिमीटरचं एक बिनकामाचं भोक दिसतं. एका चांगल्या वर्कशॉपने ते "चुकून आलंय" म्हणून दोनदा फोन केला होता. विचारलं हे उत्तम केलं. न विचारता सोडून देणारेही भेटलेत.

आणि सिलिकॉन. मशीनवर, व्हाइसवर, मोल्डवर मारायचा तो स्प्रे. एकदा पार्टला लागला की पुसून जात नाही, त्यावर ग्लू धरत नाही, आणि काचेवर थर बसतो. आमच्या क्लीनरूममध्ये टाल्कम पावडर, गजरा, कुंकू सगळ्याला बंदी होती. संक्रांतीच्या आठवड्यात बायका हळदीकुंकवाहून सरळ शिफ्टला यायच्या, तेव्हा दारात चेहरा धुवायची रांग लागायची. मी स्वतःही त्या रांगेत उभी राहिले आहे.

चौथी गोष्ट तापमानाची उठाबस. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो, दिवसाला पंधरा. जवळजवळ प्रत्येक फेरीत ऊन आणि सावली, वर्षाला साडेपाच हजारांच्या घरात. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं. ३०० मिलिमीटरची दुर्बिणीची नळी दहा अंशांनी तापली तर ६९ मायक्रॉन, आणि फोकस गेला. म्हणून तिथे इन्व्हार (तापल्यावर जेमतेम वाढणारा मिश्रधातू), टायटॅनियम, कार्बन फायबर येतं. इन्व्हार अजून कापलं नसेल तर सांगून ठेवते, ते चिकट आहे, टूल खातं, आणि त्याचा दर ठरवताना ॲल्युमिनियमचा तास लावलात तर बुडाल.

रेडिएशनचं तुम्हाला फारसं देणंघेणं नाही. तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा डोकेदुखीचा विषय. मेमरीतला बिट उलटणं, चिप अचानक जास्त करंट ओढून अडकणं, मग वीज बंद करून पुन्हा चालू करणं. तुमच्या ड्रॉइंगवर एखाद्या भिंतीची जाडी विनाकारण तीन मिलिमीटर दिसली आणि "वजन वाचवू का?" असं सुचवावंसं वाटलं, तर आधी विचारा. ती चिपची छत्री असू शकते.

कंपन मात्र तुमचंच. उपग्रहाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं. रॉकेटची थरथर, टप्पे सुटतानाचे झटके. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. तिन्ही टप्पे ठीक जळले. पण दुसरा टप्पा सुटताना क्षणभर अपेक्षेपेक्षा जास्त कंपन झालं, त्याने ॲक्सिलरोमीटरची रीडिंग बिघडली, संगणकाने ती सदोष ठरवली आणि रॉकेट पर्यायी मार्गावर गेलं. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी खालच्या बाजूला ७६ किलोमीटरवर येणाऱ्या लंबवर्तुळात पडले, म्हणजे वातावरणातच. संपलं. इस्रोने कारण जाहीर केलं, बदल केले, आणि १० फेब्रुवारी २०२३ चं दुसरं उड्डाण यशस्वी झालं. जमिनीवरच्या चाचणीत जे कंपन धरलं होतं त्यापेक्षा प्रत्यक्षातलं निराळं निघालं, एवढ्यावर सगळं फिरलं. आता तेच रॉकेट बनवायचं तंत्रज्ञान हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे, म्हणजे पुन्हा एका संरक्षण कंपनीकडे जातं आहे.

या कंपनाच्या कामातच तुमची पहिली संधी आहे असं माझं मत आहे, आणि पर्चेसवाला ते तुम्हाला सांगणार नाही. उपग्रह वर जातो एक, पण तो तयार व्हायला जमिनीवर पन्नास गोष्टी लागतात : शेकरवर बांधायचं फिक्सचर, उलटा करायची ट्रॉली, उचलायची बीम, पॅनेल उघडून धरायचे स्टँड, वाहतुकीची पेटी. हे करायला चांगले लोक कमी आहेत. शेकरचं फिक्सचर म्हणजे साधी जाड प्लेट वाटते, पण रँडम कंपनाची चाचणी २० ते २००० हर्ट्झवर चालते आणि फिक्सचर स्वतःच मध्ये नाचायला लागलं तर पार्ट विनाकारण फुटतो. भरीव, कडक, नीट जोडलेलं फिक्सचर हवं, बोल्ट शेकरच्या टेबलाशी जुळायला हवेत, टेकणारी बाजू सपाट हवी. हे काम तुमच्या आताच्या मशिनांवर होतं. प्लेटिंगची सक्ती कमी, दर बरा, आणि मुख्य म्हणजे तुमची माणसं कंपनीच्या टेस्ट इंजिनियरना प्रत्यक्ष भेटतात. वर जाणारा पार्ट कोणाला द्यायचा हे कागदावर पर्चेस ठरवतं, पण त्यांच्या कानात नाव घालणारे तेच असतात.

आता कागद. डिफेन्समध्येही टेस्ट सर्टिफिकेट लागतं, हे मला माहीत आहे. इथे मागणी वेगळी असते ती "काय घडलं" याची. एका पुरवठादाराची चाळीस ब्रॅकेट आली होती. मापात सगळी बरोबर, फिनिश छान. जोडताना एका भोकातलं हेलिकॉइल, म्हणजे थ्रेडसाठी बसवलेली तारेची गुंडाळी, बाकीच्यांपेक्षा किंचित खोल दिसलं. फोन केला तर मालक मोकळेपणाने म्हणाले, "एक थ्रेड खराब झाला होता, ओव्हरसाइज करून नवीन हेलिकॉइल टाकलं, आहे त्यापेक्षा मजबूत आहे मॅडम." खरंच मजबूत होतं. पण नोंद नव्हती. मग प्रश्न एका ब्रॅकेटचा राहिला नाही. बाकी एकोणचाळीसांत काय काय दुरुस्त केलं असेल, याची हमी कोण देणार? सगळी चाळीस बाजूला ठेवली. माणूस भला, कारागीर पहिल्या दर्जाचा, आणि पुढची ऑर्डर गेली.

रणगाड्यातली पेटी बिघडली तर वर्कशॉपमध्ये येते. तुमचा माणूस जाऊन बघून येतो, आपण सुधारतो. वर गेलेल्या पार्टची चौकशी करायची वेळ आली, तर पार्ट हातात नसतो; असतो फक्त तुमचा कागद. कोणत्या हीट लॉटच्या (धातू ओतल्याच्या घाणीच्या) प्लेटमधून, कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणत्या टूलने, मध्ये काय चुकलं आणि कोणाच्या परवानगीने सुधारलं. चूक होणं चालतं. चूक सांगितली तर डिझाइनवाले हिशेब करून बहुतेक वेळा "वापरा" म्हणूनच लिहून देतात. तुमच्या ऑपरेटरला तुम्ही आजवर हुशारीने निभावून नेल्याबद्दल शाबासकी दिली असेल. ती सवय मोडणं हे फाइव्ह-ॲक्सिस मशीन घेण्यापेक्षा अवघड आहे, हे अनुभवाने सांगते.

पैशाचं स्पष्ट बोलते. एका पेटीची ऑर्डर किती येते? एक चाचणीसाठी, एक उडवायला, एखादी राखीव. तीन, फार तर पाच. पुढच्या उपग्रहात डिझाइनर तीच पेटी सहा मिलिमीटरने लांब करतो. उपग्रहांचा ताफा करायचं ठरलं तरी संख्या डझनांत जाते, हजारांत नाही. प्रोग्रॅमिंग आणि सेटिंगचा वेळ मशीनिंगच्या दुप्पट, मोजणीचा त्याहून जास्त. उड्डाण पुढे ढकललं की तुमचं बिलही पुढे जातं. या ऑर्डरवर फाइव्ह-ॲक्सिसचा हप्ता निघत नाही. ते मशीन विमानाच्या किंवा वैद्यकीय कामावर चालणार असेल तरच घ्या, आणि मग त्यावर उपग्रहाचा पार्टही करा. तुमच्या पेट्यांपैकी बहुतेक थ्री-ॲक्सिसवर दोन-तीन सेटिंगमध्ये होतात. थोडे पैसे घालायचेच असतील तर चांगल्या सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर), तापमान नियंत्रित मोजणीच्या खोलीवर, अल्ट्रासॉनिक क्लीनिंगवर आणि एएस ९१०० या विमान-अवकाश उद्योगाच्या गुणवत्ता सर्टिफिकेटवर घाला. ते सर्टिफिकेट नुसतं भिंतीवर लावायला घेणारेही आहेत. त्यांचं सोंग पहिल्या ऑडिटला उघडं पडतं.

हे सगळं करून फायदा काय, असं विचाराल. दर चांगला मिळतो, पण खरा फायदा तो नव्हे. तुमचा एखादा पार्ट वर जाऊन चालला, की पुढच्या प्रत्येक चौकशीत तुमचं नाव वरच्या ढिगात येतं. हल्ली ते पूर्वीपेक्षा सोपंही झालं आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच ठेवून त्यावर लोकांची उपकरणं चालवतात. जून २०२२ च्या उड्डाणापासून त्याला पोएम म्हणतात. स्वतःचा उपग्रह न करता छोट्या कंपन्या आपली पेटी त्यावर तपासून घेतात. तुमची संरक्षण कंपनीही बहुधा पहिल्या पेट्या अशाच पाठवेल. त्या कामात उशिराची माफी थोडी जास्त असते. शिकायला ती जागा बरी.

पर्चेसवाल्याला हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा. पूर्ण ड्रॉइंग, फिनिश आणि क्लीनिंगच्या स्पेसिफिकेशनसह. नुसतं थ्रीडी मॉडेल आणि "नेहमीसारखं करा" नको. मटेरियल ते देणार की तुम्ही आणायचं. ते देणार असतील तर उत्तम, कारण पन्नास किलोची प्रमाणित प्लेट तुमच्यासाठी कोणी वेगळी मागवत नाही. आणि रिजेक्ट झाल्यावर त्या प्लेटचे पैसे कोणाचे. हा तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका, एका इन्व्हारच्या ठोकळ्यात तुमच्या चार महिन्यांचा नफा जातो.

पहिलं काम शेकरच्या फिक्सचरचं मागा. दुसरं, साध्या ६०६१ च्या ब्रॅकेटचं. शॉपमध्ये एक कोपरा फक्त या कामाला द्या, त्याचे टूल वेगळे, कूलंट वेगळं, पावडर नसलेले नायट्रिल हातमोजे, आणि प्रत्येक पार्टमागे एक वही, ज्यात ऑपरेटरने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, चुकलं तेही. सिलिकॉन स्प्रेचे डबे स्टोअरमधून आजच बाहेर काढा. एक डबा नेहमी कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहतो, तोही शोधा.